शेरूला मागे ठेवायचे, की तारखेला?

पत्राचा सारांश : व्हर्जिनियाच्या किनारी भागात राहणारे, नुकतेच निवृत्त झालेले ६४ वर्षांचे एक वाचक लिहितात की, त्यांनी काही वर्षांपूर्वी ३० फुटी जुनी शिडाची बोट घेतली. अटलांटिक किनाऱ्याच्या आतून नद्या, खाड्या आणि कालवे जोडत जाणाऱ्या इंट्राकोस्टल वॉटरवेने नॉरफोकपासून मायामीपर्यंत पत्नीसह जावे, ही त्यांची जुनी इच्छा आहे. २५ ऑक्टोबरला निघायचे, ३० नोव्हेंबरला मायामी गाठायची, बोट तिथे ठेवायची आणि पुतणीच्या लग्नासाठी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याला पोहोचायचे, असे वेळापत्रक त्यांनी मुक्कामांसकट आखले आहे. अडचण कुत्र्याची आहे. घरात १० वर्षांचा, ३२ किलो वजनाचा लॅब्रेडॉर आहे (त्याला येथे शेरू म्हणू) आणि त्याचे मागचे पाय आता आखडतात. वाचकांच्या मते त्याला अटलांटाला मुलाकडे ठेवावे. पत्नीचे म्हणणे असे की, शेरू येणार नसेल तर मीही येणार नाही. धर्मराजाने स्वर्गाच्या दारातही कुत्रा सोडला नव्हता, असेही त्या ऐकवतात. वाचक मूळचे कोकणातले, खाडीकाठी वाढलेले. "मला पाणी कळते, पण बायकोची समजूत कशी घालावी ते कळत नाही," असे लिहून त्यांनी विचारले आहे : तिला कसे पटवू?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत पाठवलेले वेळापत्रक मी काळजीपूर्वक वाचले. पत्नीला कसे पटवावे, या प्रश्नाचे उत्तर मी इतक्यात देणार नाही, कारण ते वेळापत्रक पाहिल्यावर मला असे वाटू लागले की तुमच्या घरातल्या वादाचे मूळ कुत्र्यात नसून ३० नोव्हेंबर या तारखेत आहे. शेरूवर विनाकारण आळ आला आहे.

आपण दोघे मिळून तो हिशेब पुन्हा मांडून पाहू. या जलमार्गाचा शून्य मैल नॉरफोकजवळ एलिझाबेथ नदीत धरतात आणि तिथून मायामी सुमारे १,०९० मैलांवर येते. निघण्याचा आणि पोहोचण्याचा दिवस धरून तुमच्या हाती ३७ दिवस आहेत, म्हणजे रोजची सरासरी ३० मैलांच्याही किंचित आत राहते आणि कागदावर ती अगदी आरामाची दिसते. परंतु उत्तरेचा वारा जोरात सुटला की अल्बेमार्ल साउंडसारख्या रुंद आणि उथळ पाण्यात आखूड, उभ्या लाटा उठतात आणि शहाणी माणसे काठालाच थांबतात. कधी धुके पडते, कधी इंजिनाचा पट्टा तुटतो, कधी एखादा उघडता पूल नेमका त्याच दिवशी नादुरुस्त असतो. दहांपैकी तीन दिवस असे गेले, असे धरले, तर उरलेल्या २६ दिवसांत रोज ४२ मैल कापावे लागतील. तुमची बोट इंजिनावर ताशी सहा मैलांच्या आसपास चालते. तेव्हा सात तास निव्वळ चालण्यात आणि पुलांसमोरची प्रतीक्षा, उलटा प्रवाह, नांगर उचलणे-टाकणे मिळून आणखी तास-दीड तास, असा तो दिवस होईल. नोव्हेंबरच्या मध्यावर दक्षिण कॅरोलायनात सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो आणि उजेड जेमतेम साडेदहा तास असतो. त्यात शेरूला सकाळ-संध्याकाळ डिंगीतून (बोटीसोबतच्या छोट्या होडीतून) काठावर नेऊन आणायचे दोन तास घाला. शिल्लक काहीच राहत नाही.

शेरू या वेळापत्रकात बसत नाही, हे तुमचे म्हणणे म्हणूनच बरोबर आहे. प्रश्न असा की, त्या वेळापत्रकात तुम्ही दोघे तरी बसता का? रोज आठ तास सुकाणू, मग अंधार पडण्याच्या आत नांगर, मग जेवण आणि झोप, आणि तेही सलग पाच आठवडे, ही निवृत्तीनंतरची सहल झाली नाही, ही नोकरी झाली. शिवाय पाण्यावर अनेक अपघातांची सुरुवात अशाच एखाद्या तारखेपासून होते : हवा बरी नाही हे दिसत असते, पण दुसऱ्या टोकाला विमान उभे असते, आणि माणूस निघतो. खाडीकाठी वाढलेल्या तुम्हाला हे मी सांगावे असे नाही. तुमच्या लहानपणी दर्याकडे पाहून होडी परत ओढून ठेवणारी माणसे तुम्ही पाहिली असतील.

पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि तो नसणे मला महत्त्वाचे वाटते. डिसेंबरात तुम्ही दोघे पुण्याला जाणार, तेव्हा शेरू कोठे असेल? लग्नासाठी दहा वर्षांच्या लॅब्रेडॉरला विमानाच्या मालकक्षातून भारतात नेण्याचा विचार तुमच्या पत्नीही करत नसणार. म्हणजे काही आठवडे त्याला मुलाकडे किंवा अन्य कोणाकडे ठेवावे लागणारच आहे. शेरूला कधीच सोडायचे नाही आणि शेरूला सोडायचेच आहे, अशा दोन टोकांवर तुम्ही दोघे उभे आहात खरे, पण प्रत्यक्षात वाद केवळ किती आठवडे आणि कोणत्या टप्प्यावर, एवढाच उरतो. हे दोघांनी एकत्र बसून मान्य केले तरी निम्मा ताण उतरेल. त्याच वेळी मुलालाही विचारा. दोन जिने चढून जावे लागणारे घर आणि दिवसभर कामावर असणारी माणसे असतील, तर आखडलेल्या पायांच्या कुत्र्याला तो मुक्काम बोटीपेक्षा सुखाचा ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

आता धर्मराजाविषयी. दाखला मोठा आहे आणि तो देणाऱ्या पत्नीशी वाद घालू नये. पण त्या कथेतला कुत्रा स्वतःच्या पायांनी हिमालय चढत होता, ही बाब नजरेआड करू नये. शेरूला दिवसातून किमान चार वेळा उचलावे लागेल : बोटीतून डिंगीत, डिंगीतून बोटीत, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. पत्नीचे गृहीतक असे दिसते की, आपण जिथे आहोत तिथे तो आनंदात असेल. तुमचे गृहीतक असे की, त्याला बोट झेपणार नाही. दोन्ही गृहीतके प्रेमातूनच आली आहेत, याबद्दल मला शंका नाही. पण शेरू आजवर एक रात्र तरी बोटीवर राहिला आहे का, हे पत्रात कोठेच नाही. त्यामुळे सप्टेंबरभर चेसापीक उपसागरात त्याची परीक्षा घ्या, आणि ती पायरीपायरीने घ्या : आधी धक्क्याला बांधलेल्या बोटीवर जेवण आणि दुपारची झोप, मग इंजिन सुरू करून तिथेच बसणे, मग दोन तासांची फेरी, मग नांगरावर एक रात्र आणि शेवटी सलग तीन रात्री. लागोपाठ तिसऱ्या रात्री तो खातो का, शांत झोपतो का, हे पाहा. पहिल्या रात्रीची उत्सुकता कोणालाच खरे सांगत नाही.

या परीक्षेत बहुतेकांना वाटते तशी पोहण्याची किंवा लाटांची अडचण येत नाही. अडचण येते ती शौचाची. घरात घाण करायची नाही हा धडा ज्याने दहा वर्षे पाळला, त्याच्या दृष्टीने बोट हेही घरच असते, आणि असे गुणी कुत्रे पंधरा-वीस तास रोखून धरतात. अनेक जण नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, कृत्रिम हिरवळीचा तुकडा ठेवतात. त्याच्या कोपऱ्यातल्या छिद्रातून दोरी ओवली की तो पाण्यात बुडवून धुता येतो, विष्ठा मात्र आधी पिशवीत उचलून घ्यायची. ही सवय बोटीवर लावायला जाऊ नका. तो तुकडा आजच घराच्या अंगणात, शेरूच्या नेहमीच्या जागी टाका, त्याला तिथेच जाऊ द्या, जाताना प्रत्येक वेळी एकच ठरलेला शब्द उच्चारा, आणि काम झाले की खाऊ द्या. काही आठवड्यांनी तोच न धुतलेला, वासाचा तुकडा बोटीवर न्या. तरुण कुत्री लवकर शिकतात, म्हातारी कधीकधी अजिबात शिकत नाहीत. शेरू शिकला, तर तुमच्या संपूर्ण प्रवासाचा नकाशा बदलतो. न शिकल्यास प्रत्येक मुक्काम, रोज सकाळी आणि संध्याकाळी, जमिनीला पाय लागतील अशाच जागी करावा लागेल.

आणि हा जलमार्ग वाटतो तितका जमिनीचा नाही. काठ सतत दिसत असतो, म्हणून उतरता येईलच, असा समज होतो, तसे नाही. सुरुवात मात्र छान आहे. नॉरफोकहून दक्षिणेला दोन वाटा फुटतात. एक ग्रेट ब्रिजच्या लॉकमधून (पाण्याची पातळी बदलून बोटी वर-खाली घेणाऱ्या दारांच्या कप्प्यातून) जाते, दुसरी डिस्मल स्वॅम्प कालव्यातून. घाईची माणसे पहिली वाट धरतात. शेरू सोबत असेल तर दुसरीचा विचार करा. १७९३ साली गुलामांच्या हातांनी खणायला सुरुवात झालेला आणि १८०५ मध्ये खुला झालेला हा २२ मैलांचा कालवा सावलीचा आणि संथ आहे. त्याला समांतर असलेल्या जुन्या १७ क्रमांकाच्या रस्त्याच्या काही भागाची आता पायवाट झाली आहे, आणि साउथ मिल्सजवळच्या स्वागतकेंद्राच्या धक्क्याला बोट बांधली की कुत्रा थेट जमिनीवर उडी मारतो. डिंगीची गरजच पडत नाही. कालव्याची खोली सहा फुटांच्या आसपास आहे, त्यामुळे पाण्याखाली साडेचार फूट जाणाऱ्या तुमच्या बोटीच्या तळाला ती पुरेल, पण बुडालेले ओंडके लागतात, दोन्ही टोकांची लॉक दिवसातून ठरावीक वेळाच उघडतात आणि वादळानंतर किंवा दुरुस्तीसाठी कालवा बंदही असतो. निघण्याआधी कालव्याची देखभाल करणाऱ्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या सूचना पाहाव्यात. पुढे एलिझाबेथ सिटीत गावाच्या मधोमधच पाहुण्या बोटींसाठी धक्के आहेत.

अल्बेमार्ल साउंड ओलांडल्यावर चित्र पालटते. ॲलिगेटर नदी आणि पंगो नदी यांना जोडणारा सुमारे २० मैलांचा कालवा दोन्ही बाजूंनी बुंध्यांनी आणि दलदलीने भरलेला आहे, मध्ये कोठेही उतरता येत नाही, आणि नदीला ते नाव उगाच पडलेले नाही. ॲलिगेटर म्हणजे मगर, आणि मगरींच्या वावराचा तो उत्तरेकडचा शेवटचा टप्पा आहे. थंडीत त्या सुस्त असतात, तरी येथून पुढे, विशेषतः संध्याकाळी आणि पहाटे, गोड्या किंवा मचूळ पाण्याच्या काठाशी कुत्र्याला मोकळे सोडायचे नाही, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो. उत्तर कॅरोलायनात कॅम्प लजून हा मरीन सैन्याचा तळ जलमार्गाला लागूनच आहे. तोफांचा सराव सुरू असताना मार्ग काही काळ बंद ठेवतात. चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या, फटाक्यांना शेरू पलंगाखाली शिरत असेल, तर त्या दिवशी त्याला खाली केबिनमध्ये, पत्नीजवळ बसवण्याची तयारी ठेवा. दक्षिण कॅरोलायनातली वॉकमॉ नदी मात्र सायप्रसच्या झाडांमधून इतकी शांत जाते की, तिथे एक दिवस जास्त थांबावेसे वाटेल. तुमच्या सध्याच्या वेळापत्रकात तो दिवस नाही.

कसोटी जॉर्जियात आहे. त्या राज्यातून जलमार्ग सुमारे १४० मैल वळणे घेत जातो, वस्ती तुरळक आहे आणि भरती-ओहोटीतला फरक सहा ते नऊ फुटांचा असतो. नांगरण्याच्या जागा सुंदर आहेत, पण चहूकडे गवताळ खाजण. ओहोटीला उघडा पडणारा चिखल कसा असतो आणि त्यात कालवांच्या शिंपल्या कशा सुरीसारख्या लागतात, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. फक्त त्या चिखलात ३२ किलोचा, मागच्या पायांनी अधू कुत्रा पोटापर्यंत रुतला आहे आणि डिंगीतून त्याला ओढायचे आहे, एवढे डोळ्यांसमोर आणा. ज्या दिवशी सकाळी सातला पूर्ण ओहोटी असते, त्या दिवशी संध्याकाळी पाचलाही पाणी ओसरतच असते, त्यामुळे तुमच्या दोन्ही सोयीच्या वेळा एकदमच गैरसोयीच्या होतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तेव्हा येथे तुमचे मुक्काम मैलांच्या हिशेबाने न आखता भरतीच्या कोष्टकावरून आखावे लागतील, काही रात्री नांगर सोडून मरिनाचे (बोटी बांधण्याच्या खासगी धक्क्याचे) भाडे भरावे लागेल आणि लिटल मड नदी, जेकिल क्रीक यांसारखे गाळाने भरलेले भाग चढत्या पाण्यातच पार करावे लागतील. त्या राज्याच्या दक्षिण टोकाला कंबरलँड बेट आहे. तिथल्या प्रवासी फेरीवर कुत्र्यांना बंदी असली, तरी स्वतःच्या बोटीने आलेल्यांना सहा फुटांच्या आतील पट्ट्याला बांधून कुत्रा नेता येतो. बेटावर मोकळे घोडे फिरतात, त्यामुळे तो पट्टा खरोखर हातात धरा.

उचलण्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र तुमच्या बोटीवरच आहे. पाठीवर भक्कम मूठ असलेले कुत्र्याचे जीवरक्षक जाकीट घ्या, पण केवळ मुठीला धरून ३२ किलो ओढायला जाऊ नका. पोटाखालून आधार देणारा झोळीसारखा पट्टा लावून, मोठ्या शिडाच्या दोरीला अडकवून, विंचवर (दोरी गुंडाळून ओढायच्या चक्रावर) फिरवत त्याला वर घेता येते. अर्थात ही युक्ती धक्क्याजवळ, शांत पाण्यात त्याला आणि तुम्हाला सवय होईपर्यंत करून पाहायला हवी. शिडाच्या बोटीचा केबिनमध्ये उतरणारा उभा जिना ही दुसरी अडचण. लॅब्रेडॉरला तो चढता येत नाही आणि उतरताना कंबर दुखावते. त्यावर गालिच्याच्या पट्ट्या ठोकलेली उतरती फळी बसवता येते का, ते सुताराला दाखवा. मागील डेकवर घसरू नये अशी चटई आणि बाजूच्या तारांना जाळी, हा खर्च किरकोळ आहे.

कुत्रा पाण्यात पडला तर काय, हे आधी ठरलेले असावे : कोणीही मागे उडी मारायची नाही. इंजिन न्यूट्रलमध्ये आणायचे, एकाने नजर न हटवता हाताने कुत्र्याची दिशा दाखवत राहायचे, दुसऱ्याने बोट वळवायची. यातूनच एक अवघड प्रश्न निघतो, ज्याचा विचार तुमच्या वेळापत्रकात केलेला दिसत नाही. बोटीवर माणसे दोनच आहेत. लॉकमध्ये शिरताना, पुलाजवळ किंवा जोराच्या प्रवाहात नांगर टाकताना एकाच्या हाती सुकाणू आणि दुसऱ्याच्या हाती दोर किंवा नांगर असतो. त्या वेळी कुत्रा कोणाच्या हाती असेल? "ती सांभाळेल" हे उत्तर असेल, तर तुमच्या हाताखालचा एकमेव खलाशी तुम्ही कुत्र्याला दिला, असे होते. या कामांच्या वेळी शेरूने केबिनमध्ये ठरलेल्या जागी बसायचे, हे त्याला आणि तुम्हाला दोघांनाही शिकावे लागेल. आणि पत्नीलाही सुकाणू धरता आले पाहिजे. व्हर्जिनियात १० अश्वशक्ती किंवा त्याहून मोठ्या इंजिनाची बोट चालवणाऱ्याला सुरक्षा-अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतोच. तो तुम्ही केला असेल, त्यांनीही करावा. शेरूच्या हट्टामागे बोटीवर आपण केवळ सामानासारख्या असू, अशी त्यांची भीती आहे का, हे मला पत्रावरून कळत नाही. ते त्यांना तुम्ही विचारा.

आरोग्याबाबत पशुवैद्यांशी सविस्तर बोला. सांधेदुखीवर दिली जाणारी काही औषधे मूत्रपिंडांवर ताण आणतात, आणि उलट्यांनी किंवा उन्हाने कुत्र्याच्या अंगातले पाणी कमी झाले तर तो ताण वाढतो. म्हणून बोट लागण्यावरचे औषध आणि सांधेदुखीचे औषध या दोन्हींचा विचार एकत्रच व्हावा आणि निघण्यापूर्वी रक्ततपासणी व्हावी. दक्षिणेत डासांमुळे हृदयकृमींचा धोका वर्षभर असतो, त्याची औषधे चुकवू नयेत. रेबीजच्या लसीचा दाखला बोटीवर ठेवावा, लेप्टोस्पायरोसिसच्या लसीबद्दल विचारावे. गोडे पाणी त्याच्या हिशेबाने दिवसाला दोन लिटर जास्त धरा आणि पोहून आल्यावर अंग धुण्याचे वेगळे. तहानेला खारे पाणी प्यायलेल्या कुत्र्याला जुलाब-उलट्या होतात, आणि प्रमाण वाढले तर त्याच्या जिवावर बेतू शकते. किनाऱ्यावरच्या वाळूत सराट्यांसारखे काटे असतात, पंजे रोज तपासा. दक्षिण फ्लोरिडात केन टोड नावाचे विषारी बेडूक आढळतात; कुत्र्याने तोंडात धरलाच तर तोंड पुढच्या दिशेने, पाणी घशात जाणार नाही असे धुवून तडक दवाखाना गाठायचा.

ज्यांच्याकडे पग, बुलडॉग यांसारखे चपट्या नाकाचे कुत्रे आहेत, त्यांनी उन्हाळ्यात अशा प्रवासाचा विचारच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. धापा टाकूनच कुत्रा अंग थंड करतो आणि त्यांना तेच नीट जमत नाही. लहान, तरुण कुत्र्यांचे मालक मात्र वरीलपैकी निम्म्या चिंतांवर हसतील, आणि त्यांना तो हक्क आहे.

आता पर्याय. शेरूला ऑक्टोबरपासूनच मुलाकडे ठेवणे हा वाईट पर्याय नाही, आणि तो निवडणारी माणसे निष्ठुर नसतात. पण या घडीला तो घेतला तर पत्नी मनाविरुद्ध येतील, आणि ३० फुटांच्या बोटीत मनाविरुद्ध आलेल्या माणसाबरोबर पाच आठवडे काढणे तुम्हाला झेपेल, असे मला वाटत नाही. दुसरा पर्याय, तुम्ही एखाद्या मित्राबरोबर बोटीने जायचे आणि पत्नीने शेरूला घेऊन मोटारीने यायचे. १७ क्रमांकाचा महामार्ग एलिझाबेथ सिटी, विल्मिंग्टन, चार्ल्स्टन, सव्हाना असा जलमार्गाच्या जवळून जातो, त्यामुळे दर चार-पाच दिवसांनी भेटता येते. शेरू परीक्षेत नापास झाला तर हा मार्ग उत्तम, पण "आपण दोघे" ही तुमची मूळ इच्छा त्यात निम्मीच पुरी होते.

मला पटणारा मार्ग असा की, या वर्षी मायामी सोडून द्यावी आणि चार्ल्स्टनपर्यंतच जावे. ते ४६९ व्या मैलावर आहे. तेच ३७ दिवस त्याला दिले, तर रोजची सरासरी १३ मैलांच्याही खाली येते. मग चार तास चालून दुपारी दोनला नांगर टाकता येईल, वाऱ्याच्या दिवशी मुकाट थांबता येईल, शेरूला उजेडात आणि घाई न करता काठावर नेता येईल. बोट चार्ल्स्टनला ठेवा. तिथे हिवाळा सौम्य असला, तरी अधूनमधून पाणी गोठण्याइतकी थंडी पडते, तेव्हा इंजिन आणि नळ त्यासाठी तयार करून ठेवा. मुलगा मोटारीने पाच तासांवर आहे. लग्नाच्या काळात शेरू त्याच्याकडे राहील, आणि ते राहणे पत्नीलाही मान्य व्हायला हरकत नसावी, कारण तोपर्यंत तो पाच आठवडे तुमच्याबरोबर फिरून आलेला असेल. जॉर्जिया मार्चमध्ये करा. दिवस मोठे असतात, १ जूनला सुरू होणारा चक्रीवादळांचा हंगाम दूर असतो. चिलटे मात्र त्या काळात भयंकर चावतात, जाळ्या लावून घ्या. शरद ऋतूत दक्षिणेला कधीपासून उतरता येईल, हे विमा कंपन्या अनेकदा तारीख आणि अक्षांश घालून ठरवतात; २५ ऑक्टोबर तुमच्या पॉलिसीत बसते की नाही, तेही वाचा.

सप्टेंबरच्या परीक्षेचा निकाल कसा लावायचा, हे परीक्षेआधी ठरवा आणि दोघांनी ते कागदावर लिहा. मी तीन अटी सुचवीन : शेरूने सलग दोन दिवस अन्न नाकारले, विंचवरून वर घेताना वेदनेने ओरडला, किंवा २४ तासांत एकदाही लघवी केली नाही, तर तो बोटीने येणार नाही. यातली एकही घडली नाही, तर तो येईल आणि तुम्ही त्यावर पुन्हा प्रश्न काढणार नाही. निकाल पत्नीने सांगावा; अटी आधी मान्य केलेल्या असल्या, की त्यांना तो सांगणे जड जाणार नाही आणि तुम्हाला ऐकणे.

पुण्याची विमानतिकिटे अजून काढली नसतील, तर ती मायामीहून काढू नका. अटलांटाहून काढा.